सांजवेळी रानाकडे

फाल्गुन संपत आला आहे. ज्वारीची काढणी उरकली आहे. दाणे घरात आले आहेत. कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या आहेत. दुपारचे ऊन आता चटके देऊ लागले आहे.

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागते. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले. इकडच्या गावांत मराठी बोलतात, कानडीही बोलतात. कोणी शेतात राबतो. कोणी मागावर बसतो. कोणी दुसऱ्याच्या रानात रोजाने जातो. कोणी रोज सकाळी सोलापूर गाठतो आणि दिवस कलताना परत येतो. कामे निरनिराळी आहेत. पण सांजवेळी सगळ्यांच्या तोंडी एकच बोल असतो, "आज लई दमलो!"

दमल्यावर माणूस काय करतो? कोणी बाजेवर आडवा होतो. कोणी पारावर जाऊन बसतो. कोणी मोबाईल हातात घेतो आणि जेवणाची हाक येईपर्यंत मान वर करत नाही. एखाद्याची पावले दारूच्या दुकानाकडे वळतात. शीण जावा म्हणून तो जातो. शीण जात नाही, मजुरी मात्र जाते.

या पाठात शीण घालवण्याचा आणखी एक उपाय सांगितला आहे. त्याला पैसा लागत नाही. औषध लागत नाही. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास रानाकडे फिरून यायचे, एवढाच तो उपाय.

"चालून तर दमलो, आणखी चालू कशाला?"

हे ऐकून एखादे आप्पा हसतील. म्हणतील, "अहो मास्तर, फिरायला जाणं हे शहरातल्या साहेबांचं काम. आम्ही दिवसभर रानातच असतो. आणखी रान कशाला बघायचं?"

आप्पांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांना एक विचारू या. "आप्पा, आज दिवसभर तुम्ही रानात होता. बांधावरच्या करंजाला नवी पाने आली, ती पाहिली का?"

आप्पा थोडे थांबतील. म्हणतील, "नाही बुवा. मान वर करायला सवड कुठली?"

हाच तर फरक आहे. कामाला गेलेला माणूस खाली बघतो. त्याची नजर विळ्यावर असते, कुदळीवर असते, बैलाच्या पाठीवर असते. फिरायला गेलेला माणूस वर बघतो, लांब बघतो. रान तेच असते. बघणे वेगळे असते.

शीण कशाने येतो?

शीण सगळ्या अंगाला सारखा येत नाही. ज्या अवयवाला एकच एक काम पडते, तो अवयव दमतो.

मागावर बसणाऱ्याचे बघा. त्याची नजर तासन् तास हातभर अंतरावर खिळलेली असते. कुठे धागा तुटला की लगेच दिसला पाहिजे. आपल्या डोळ्यात एक भिंग असते. त्याच्याभोवती बारीक स्नायू असतात. जवळचे पाहताना ते स्नायू आवळले जातात. दूरचे पाहताना ते सैल पडतात. दिवसभर मूठ आवळून धरली तर हात दुखेल की नाही? डोळ्याचेही तसेच आहे. दूरच्या डोंगराकडे, झाडाकडे, आभाळाकडे पाहिले की डोळ्याची ती मूठ उघडते.

यंत्रमागाचा खडखडाट कानात भरतो. सुताची बारीक धूळ नाकात जाते. मोकळ्या रानात कानाला शांतता मिळते, छातीला स्वच्छ हवा मिळते.

एका जागी बसून किंवा उभे राहून पाय जड होतात. याचेही कारण आहे. पायातले रक्त वर काळजाकडे चढावे लागते. त्याला वर ढकलण्याचे काम पोटरी करते. आपण पाऊल टाकले की पोटरी आवळते आणि रक्त वर जाते. विहिरीवर पंप असतो ना, तशी पोटरी हा पायाचा पंप आहे. पाय हलला नाही की पंप थांबला. म्हणून बसून काम करणाऱ्याला चालण्याने उलट हलके वाटते.

शेतात वाकून काम करणाऱ्याचे दुखणे निराळे. त्याची पाठ आणि कंबर आखडते. त्याने ओझे न घेता, ताठ मानेने, हात मोकळे सोडून, हळूहळू चालावे. पाठीला आराम पडतो. ज्याने दिवसभर पोती उचलली, त्याने फार चालूच नये. त्याने बांधावरच्या झाडाखाली नुसते बसून यावे. तेही फिरण्याइतकेच चांगले.

आता मनाचे. मन एकाच विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. सोसायटीचे कर्ज कसे फेडायचे? मुलीचे लग्न कसे करायचे? यंदा पाऊस होईल का? घरात बसले की तेच विचार पुन्हा पुन्हा येतात. चालताना मात्र नजरेला दर पावलाला नवे काही दिसते. इथे पाखरू उडाले, तिथे पान हलले. मन त्या गोल वाटेवरून थोडे बाजूला येते. परत आल्यावर कर्ज तेवढेच असते. पण विचार करायला डोके ताजे असते.

जपान देशातले लोक कामाला वाघ म्हणून ओळखले जातात. तिथल्या वनखात्यानेच १९८२ साली लोकांना झाडीत फिरायला येण्याचे आवाहन केले. त्याला त्यांनी 'वनस्नान' अशा अर्थाचे नाव दिले. पाण्याने अंग धुतो, तसे झाडांच्या सावलीने मन धुवायचे. पुढे तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. झाडीत शांतपणे फिरल्यावर माणसाची नाडी आणि रक्तदाब उतरतो, असे त्यांना दिसले.

वसंतात रान काय दाखवते?

"पण मास्तर, आमच्याकडं झाडी आहे कुठं? हा काय कोकण आहे?"

खरे आहे. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. इथे घनदाट जंगल नाही. पण ओढ्याकाठची झाडी आहे, बांधावरची झाडे आहेत, मुरमाड माळ आहे. चैत्र-वैशाखाच्या तोंडाशी यांचे रूप बघण्यासारखे असते.

पाच-साडेपाचला ऊन उतरले की निघावे. मोठ्या रस्त्याने जाऊ नये. तिथे मोटारींचा आवाज, धूर आणि धोका. गाडीवाट धरावी. दोन्ही बाजूंना काळी राने दिसतात. त्यांत ज्वारीची धसकटे उरली आहेत. भेगा पडू लागल्या आहेत. वाटते, सगळे वाळून गेले.

पण ओढ्याकडे वळा. पिंपळ बघा. त्याची जुनी पाने गळाली आणि नवी आली. ती हिरवी नाहीत, तांबूस आहेत. तांब्याचा गडू घासून ठेवावा तशी चकाकतात. हा तांबूस रंग कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण करतो. पान जून झाले की हिरवे होते.

करंजाकडे पाहा. त्याची नवी पालवी पोपटी आहे. कडूनिंबाला बारीक पांढरा मोहोर आला आहे. सांजवेळी त्याचा मंद गोड वास येतो. पाडव्याला आपण याच झाडाचा पाला आणि फुले खातो. चिंचा पिकल्या आहेत. बाभळीच्या शेंगा खाली पडतात आणि शेळ्या त्या वेचून खातात.

कुठे पळस असेल तर तो लांबूनच ओळखू येतो. झाडावर पान नाही आणि फुले मात्र निखाऱ्यासारखी लाल-केशरी. पळसाला पाने तीनच असे आपण म्हणतो, पण फुलांच्या वेळी तीही नसतात. पाने गळाल्याने झाडाचे पाणी वाचते. फुले उघडी राहिल्याने पाखरांना लांबून दिसतात. मैना, बुलबुल, कावळा मध चाखायला येतात. त्यांच्या चोचीला आणि डोक्याला पराग लागतो. तो दुसऱ्या फुलावर जातो आणि बी धरते. ही फुले उकळून रंगपंचमीचा रंग करण्याची जुनी रीत आहे.

आता एक गंमत पाहा. आभाळातून थेंब नाही. विहिरी खोल जात आहेत. आणि झाडांना याच वेळी पालवी फुटते! हे कसे? झाडाची मुळे खोल असतात. पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी ती आतून ओढतात. पाऊस यायच्या आधीच झाड पाने तयार ठेवते. मृगाचा पाऊस पडला की लगेच त्याचे काम सुरू. शहाणा शेतकरी नांगरट आधी करून ठेवतो, तसेच हे.

झाडाखाली उभे राहा. गार वाटते. ते सावलीमुळे तर आहेच. पण पाने पाण्याची वाफ बाहेर सोडत असतात, म्हणूनही आहे. माठ पाझरतो आणि आतले पाणी गार होते. झाड हा उन्हाळ्यातला मोठा माठच आहे.

आता कान द्या. "टुक टुक टुक" असा आवाज येतो. जणू तांबट भांडे ठोकतो आहे. हे एक लहान हिरवे पाखरू आहे. आवाजावरूनच त्याला तांबट म्हणतात. मग "कुहू कुहू" ऐकू येते. आपण म्हणतो कोकिळा गाते. खरे पाहता 'कुहू' करतो तो नर कोकीळ. तो काळा असतो. मादी करडी, ठिपक्यांची असते. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि त्या पिलांना कावळा वाढवतो.

ओढा ओलांडून माळावर या. गवत वाळून पिवळे झाले आहे. कुसळे धोतराला आणि लुगड्याला चिकटतात. एकाएकी "टिट्याव टिट्याव" असा ओरडा होतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागते. समजा, की जवळ तिची अंडी आहेत. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात. पाय जपून टाका आणि बाजूने निघून जा. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त होतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, पण आपले वाडवडील पाखराकडे किती बारकाईने पाहत, हे त्यावरून कळते.

माळावर उभे राहिले की आभाळ चारी बाजूंनी दिसते. मार्चच्या एकवीस तारखेच्या सुमाराला दिवस आणि रात्र सारखी असते. त्या वेळी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. साडेसहानंतर तो लाल गोळा जमिनीला टेकतो. वारा सुटतो. घामाचे अंग निवते. आता परत फिरावे.

हा वेळ कोणी मिळवून दिला?

कामानंतर आपल्या हाती थोडा वेळ उरतो. तो आपोआप मिळालेला नाही.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. मुंबईत तर त्याआधीच गिरण्या होत्या. त्या काळी गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नसे. आंघोळीला, बाजाराला, सोयऱ्यांकडे जायलाही वेळ नसे.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे नावाचे कार्यकर्ते होते. ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजातले. 'दीनबंधू' हे पत्र ते चालवत. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, ही त्यांची मोठी मागणी होती. सहा वर्षे झगडा चालला. सभा झाल्या, अर्ज गेले. शेवटी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढे कामाचे तासही कमी झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. शेतमजुराला आणि घरच्या मागावरच्या विणकराला अजून असे ठरलेले तास मिळत नाहीत, हेही खरे आहे. पण एवढे लक्षात ठेवावे, की विसावा म्हणजे आळस नव्हे. विसावा हा राबणाऱ्याचा हक्क आहे. तो मिळवायला लोक झगडले आहेत. मिळालेला वेळ दारूत किंवा जुगारात घालवणे म्हणजे त्यांची कमाई उधळणे.

वेळ आहे, पण जागा?

वेळेबरोबर जागाही लागते. याबद्दल इंग्लंडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर हे सोलापूर-मुंबईसारखेच गिरण्यांचे शहर होते. तिथले कामगार रविवारी धुरातून बाहेर पडत. जवळच मोठे माळ आणि डोंगर होते. पण ते जमीनदारांचे. जमीनदार तिथे शिकार करत आणि कामगारांना पाऊल ठेवू देत नसत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार मिळून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चालत गेले. जमीनदाराच्या राखणदारांशी झटापट झाली. पाच तरुणांना तुरुंगात जावे लागले. पण लोकांचे मन बदलले. १९४९ साली तिथे कायदा झाला. १९५१ साली तोच डोंगराळ मुलूख देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला.

त्या लोकांना फिरण्यासाठी तुरुंगात जावे लागले. आपल्याला तर गावाबाहेर दहा मिनिटांवर गायरान आहे, ओढा आहे, बांध आहे. पण आपण ते राखतो का?

माळाला आपण 'पडीक' म्हणतो. पडीक म्हणजे निरुपयोगी, असे धरून चालतो. कोणी मुरूम उपसतो. कोणी कचरा टाकतो. कोणी ओढ्यातली झाडे तोडून नेतो. असे सगळीकडे झाले, त्याचे फळ आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. माळढोक नावाचा मोठा, उंच पक्षी सोलापूरच्या माळांवर राहत असे. त्याच्यासाठी १९७९ साली सरकारने अभयारण्य केले. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजचा माळ त्यातच येतो. पण सगळीकडे माळ नांगरले गेले, तोडले गेले. विजेच्या तारा आल्या. माळढोकाला उघडे गवत हवे असते. ते गेले आणि आज माळढोक आपल्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्या माळांवर अजून काळवीट आहेत, कोल्हे आहेत, लांडगे आहेत. एकदा गेलेले पाखरू परत आणणे फार अवघड असते. गेलेला ओढा, गेलेली सावलीही तशीच.

म्हणून रानात जाल तेव्हा विडी पेटती टाकू नका. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. त्यात टिटवीची अंडी जळतात आणि गुरांचा चाराही जळतो. पावसाळ्यात बांधावर एक कडूनिंब लावा. फिरायला जाताना तांब्याभर पाणी त्याला घाला.

बायकांनी कधी जायचे?

हा प्रश्न आक्कांनी विचारला तर तो रास्तच आहे. "तुम्ही फिरून या म्हणता. मग चूल कोण पेटवणार? पाणी कोण आणणार?"

आपल्याकडे बाई रानात जाते ती सरपणाला, खुरपणीला किंवा पाण्याला. जाताना काम आणि येताना डोक्यावर ओझे. रिकाम्या हाताने चालणे तिच्या वाट्याला क्वचितच येते. शेतातले काम तिने केले, घरचेही तिनेच केले. मग सगळ्यांत जास्त शीण कोणाला? पण पारावर बसायला मोकळे कोण?

उपाय कठीण नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी घरच्या पुरुषाने सांजेची कामे अंगावर घ्यावीत. पाणी भरावे, लेकरे सांभाळावीत. आक्का, वहिनी, शेजारीण मिळून तीन-चार जणींनी फिरून यावे. चार जणी असल्या की भीती नाही आणि बोलायलाही सोबत. सासूबाईंनाही बरोबर न्यावे. घरात जे बोलता येत नाही, ते वाटेवर चालता चालता बोलता येते. तेवढ्याने कितीतरी भांडणे मिटतात.

थोडी काळजी घ्या

पायात चपला किंवा बूट घाला. हातात काठी असू द्या. उन्हाळ्यात साप आणि विंचू अंधार पडता पडता बाहेर निघतात. माळावर फुरसे असते. दगड उलटू नका, गवतात हात घालू नका. अंधार पडायच्या आत परता. उशीर झालाच तर बॅटरी जवळ ठेवा.

साप चावला तर घाबरू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे पुरेत. मग अर्धा तास करा. ज्याला छातीचा त्रास आहे किंवा दम लागतो, त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

फिरल्याने मजुरी वाढत नाही. पोटभर अन्न आणि रात्रीची झोप यांची जागा फिरणे घेत नाही. पण दिवसभराचे सगळे तास दुसऱ्याच्या नाहीतर पोटाच्या कामात जातात. त्यांतला अर्धा तास आपला स्वतःचा असावा. त्या अर्ध्या तासात हातात विळा नको, डोक्यावर ओझे नको. फक्त डोळे आणि कान उघडे हवेत.

उद्या सांजवेळी निघा. आप्पांनाही बरोबर घ्या. करंजाची पालवी त्यांना दाखवा.

सांगा पाहू

१. मागावर काम करणाऱ्याचे डोळे का दमतात? दूर पाहिल्याने काय होते?
२. पाऊस नसताना झाडांना पालवी कशी फुटते?
३. रविवारची सुट्टी कोणत्या साली मिळाली? त्यासाठी कोण झगडले?
४. तुमच्या गावाबाहेर फिरण्यासारखी जागा कोणती? ती राखायला तुम्ही काय कराल?
५. तुमच्या घरात सांजवेळी सर्वांत शेवटी कोण बसते? त्या माणसाला अर्धा तास कसा देता येईल?